फ्री हिटवर निघून चाललेला डावखुरा

आमच्या घरात क्रिकेटचे नियम मी वाचते आणि आप्पा लक्षात ठेवतात. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना वाचता येत नाही. सही करतात, पण करताना जीभ दातांत धरतात आणि झाल्यावर पेन दोन्ही हातांनी परत देतात. तरीही आमच्या डिंगोऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरल्या की अंपायर म्हणून पहिला निरोप त्यांना येतो.

याचं कारण त्यांची मोजणी. आम्ही मेंढ्या राखणारी माणसं. आजोबांच्या वेळी कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा. आता आप्पांचा गुडघा घाट उतरू देत नाही. एक्केचाळीस मेंढ्या उरल्यात, त्या गावातल्या शेतकऱ्यांच्या मोकळ्या वावरांत बसवतो. मेंढ्या चार दिवस बसल्या की रानाला खत मिळतं. कळप लहान झाला, पण मोजायची सवय गेली नाही. अंपायर म्हणून उभं राहताना आप्पा सदऱ्याच्या डाव्या खिशात सहा खडे घेतात. बॉल पडला की एक खडा उजव्या खिशात जातो. वाइड किंवा नो बॉल असला तर खडा जागचा हलत नाही. त्यांच्या ओव्हरमध्ये पाच बॉल पडले किंवा सात पडले असं अजून कोणी म्हटलेलं नाही. खेळणारी पोरं त्यांना मामा म्हणतात आणि भांडतानाही मामाच म्हणतात.

फ्री हिट मात्र त्यांना येत नव्हता. मी अकरावीत असताना एका सामन्यात त्यावरून रागारागी झाली आणि आप्पांना मान खाली घालून घरी यावं लागलं. त्या संध्याकाळी ते चुलीपाशी बसले आणि मला म्हणाले, "पोरी, तुझ्या मोबाइलात त्यो नियम आसंल. वाच."

नियम इंग्रजीत होता. मी अडखळत एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. बॉलरचा पाय रेषेच्या पुढे पडला की नो बॉल. बॅटिंग करणाऱ्या टीमला एक धाव मिळते आणि पुढचा बॉल फ्री हिट. अंपायरनं डोक्यावर हात गोल फिरवून तशी खूण करायची. त्या बॉलवर बॅट्समन सहजासहजी आउट होत नाही.

"झेल घेतला तर?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"दांडी उडाली तर?"

"तरी नाही. बॉल चालूच राहतो. पळून धावासुद्धा काढता येतात."

"पायचीत?"

"नाही. स्टंपिंगपण नाही. रनआउट मात्र आहे."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "चूक बॉलरची आणि मजा बॅटवाल्याची. बरं हाय की."

आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, "रनआउट का ठेवलाय पर?"

नियमात कारण दिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. आप्पांनी बराच वेळ विचार केला. भाकरी तव्यावर फुगली. मग आप्पा म्हणाले, "पळायचं का न्हाई ह्ये त्यानं सोता ठरवलेलं आस्तं. बॉलरच्या चुकीची माफी त्याला घावली. पर रेषंच्या बाहेर उभा ऱ्हायला तर ती चूक त्याची सोताची."

मला ते कारण पटलं. खरं कारण तेच आहे का, मला अजून माहीत नाही.

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही असेच नियम वाचले. फ्री हिटचा बॉल वाइड पडला किंवा परत नो बॉल पडला तर पुढचाही फ्री हिटच. समोर तोच बॅट्समन असेल तर फिल्डर हलवायचे नाहीत. डेड बॉल कधी द्यायचा, खेळाडूला परत कधी बोलवायचं, असं बरंच काही. मी वाचून विसरून जायची. आप्पा विसरायचे नाहीत.

बारावी झाल्यावर मी तालुक्याच्या गावाला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. चुलत्यांच्या घरातूनही पहिलीच. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची नवी गोधडी शिवून दिली. होस्टेलवर माझी गोधडी सगळ्यांत जड होती आणि पहिले दोन महिने मला तिची लाज वाटायची. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा मी दोन विषयांत नापास होते. अकाउंट्स आणि इंग्रजी. मोबाइलवर माझ्या नावापुढे इंग्रजीत 'फेल' असं लिहिलेलं होतं आणि मी ते चारदा उघडून बघितलं.

इथे मला एक सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. वाटलं तरी हरकत नाही, पण सांगते. आमच्या घरांमध्ये नापास या शब्दाला एकच अर्थ आहे. माझा मोठा चुलतभाऊ दहावीला नापास झाला आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मेंढ्यांमागे गेला. चुलतबहीण नापास झाली आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. कोणी त्यांना रागावलं नाही. कोणी काही विचारलंसुद्धा नाही. नापास झालं की शाळा संपते, हे आम्हाला पाऊलवाटेसारखं माहीत होतं. त्यामुळे मी कोणाला काही विचारलं नाही. वर्गातल्या मुली कॅन्टीनमध्ये हसत होत्या, त्यांतल्या काही माझ्यासारख्याच नापास होत्या, हे मला नंतर कळलं. मी होस्टेलवर गेले, कपडे पिशवीत भरले, गोधडी सुतळीनं बांधली आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले.

घरी सांगितलं, सुट्टी आहे.

"गोधडी कशाला आणलीस?" आईनं विचारलं.

"धुवायला."

आईनं गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती पडवीतल्या दोरीवर टाकून दिली. तिथे ती बारा दिवस तशीच होती. रूममधल्या मुलीचे फोन यायचे, ते मी उचलत नव्हते. रोज ठरवायची, आज सांगू. मग आप्पा मेंढ्या घेऊन निघायचे आणि मीही त्यांच्याबरोबर जायची. त्यांना वाटत असेल, पोरगी सुट्टीत मदत करते. मी मनात म्हणायची, सवय करून घेते.

तेराव्या दिवशी रविवार होता आणि गावात स्पर्धा होती. कांदा काढून मोकळं झालेलं एक वावर ट्रॅक्टरनं दाबून घेतलं होतं. त्याच वावरात आदल्या आठवड्यात आमच्या मेंढ्या बसल्या होत्या. पोरांनी खेळपट्टीवरच्या लेंड्या झाडून काढल्या होत्या, पण बाकीच्या मैदानावर होत्या तशाच होत्या. एकजण झेल घ्यायला पालथा पडला आणि उठून छाती झाडत आप्पांना म्हणाला, "मामा, तुमच्या मेंढ्यांनी लई इकेटी घेतल्या आज."

"खताचं रान हाय," आप्पा म्हणाले, "पडशील तितका वाढशील."

मी मांडवाखाली स्कोअर लिहायला बसले होते. माझं अक्षर बरं आहे म्हणून हे काम मला दोन-तीन वर्षांपासून देतात. शेजारी माइकवर गावातलाच एक भाऊ कॉमेंट्री करत होता. तो मराठीत सुरू करायचा आणि जोर चढला की हिंदीत जायचा.

दुपारनंतरचा सामना आमच्या गावाच्या टीमचा आणि आंबेगाव तालुक्यातून आलेल्या डिंभ्याकडच्या टीमचा होता. आमच्या टीमनं आधी बॅटिंग केली. डिंभ्याकडच्यांचा एक डावखुरा पोरगा शेवटपर्यंत टिकून होता. उंच, बारीक, माझ्याच वयाचा असेल. कॉमेंट्रीवाला सांगत होता की हा धरणावर मासे धरायला जातो, म्हणून ह्याची नजर पाण्याखालचंपण बघते.

शेवटच्या ओव्हरचा पाचवा बॉल. त्यांना चार धावा हव्या होत्या आणि बॉल दोन उरले होते. बॉलर जोरात धावत आला, डावखुऱ्यानं बॅट फिरवली, बॉल लागला नाही. पण आप्पांचा हात आडवा झाला. नो बॉल. पाय रेषेच्या चांगला पुढे पडला होता. मी वहीत एक धाव मांडली. तीन हव्यात, बॉल दोनच. आप्पांनी डोक्यावर हात गोल फिरवला. फ्री हिट.

पुढचा बॉल सरळ आला आणि मधली दांडी उडाली.

"दांड्या गुऽऽल!" माइक ओरडला. "क्या बात है! मधली दांडी मुळासकट!"

लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या सुरू झाल्या. आणि त्या गोंधळात डावखुऱ्यानं बॅट काखेत घेतली, मान खाली घातली आणि तो चालू लागला. मैदानाच्या बाहेरच्या दिशेनं. फ्री हिट आहे हे तो विसरला होता. कॉमेंट्रीवालाही विसरला होता. खरं सांगायचं तर दोन क्षण मीपण पेन्सिल टेकवून बसले होते.

आमच्या टीमचा कॅप्टन विसरला नव्हता. दांडीला लागून बाजूला गेलेला बॉल त्यानं उचलला आणि तो स्टंपकडे पळत सुटला. त्यानं काय ठरवलं होतं ते मला लगेच कळलं. बॉल हातात धरून उरलेली दांडी जमिनीतून उपटली की रनआउट. फ्री हिटवर तेवढंच तर चालतं. आणि डावखुरा रेषेपासून पंधरा पावलं लांब गेला होता, पाठमोरा.

आप्पा पुढे धावले. त्यांचा गुडघा असा आहे की ते धावतात तेव्हा एका बाजूला झुकतात. त्यांनी दोन्ही मनगटं खाली एकमेकांवरून फिरवली, म्हणजे डेड बॉल, आणि "डेड बॉल, डेड बॉल" असं दोनदा ओरडले. मग डावखुऱ्याला हाक मारायची होती, पण त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. तेव्हा कळपातून लांब गेलेल्या मेंढीला मारतात तशी हाक त्यांनी मारली. "हिर्रऽऽ हे! हिर्रऽऽ!"

सगळं मैदान हसलं. डावखुरा थांबला आणि वळून बघू लागला.

"माघारी फिर," आप्पा म्हणाले. "तुला आउट कोनी दिलं?"

तोवर कॅप्टननं दांडी उपटून हात वर केला होता. "मामा, रनआउट हाय! फ्री हिटवर रनआउट चालतो, तुमीच सांगता की!"

"चालतो. पर ह्यो पळाया न्हाई गेला. आउट झालो आसं वाटून निघाला व्हता."

"मंग त्यो त्याचा येडेपणा. आमी काय करायचं?"

"तुमी काय न्हाई करायचं. अंपायरनी करायचं. आउट दिलेला नसताना चुकून निघाला तर त्याला माघारी बोलवायचं, आसा नियम हाय."

"कुठं लिव्हलाय नियम?"

आप्पांनी मांडवाकडे बोट केलं. "पोरीला इचारा. तिनंच वाचून दाखवलाय."

मला तो नियम आठवत नव्हता. सगळे मांडवाकडे यायला लागले. मोबाइलला रेंज कमी होती. मी खुर्चीवर उभी राहिले तेव्हा पान उघडलं. कॅप्टन खाली उभा राहून म्हणत होता, "बाप अंपायर आन् लेक वकील. ब्येस हाय राव."

त्याच्याच टीममधला कोणीतरी म्हणाला, "कालेजात शिकती ती. खोटं कशाला वाचंल?"

ते वाक्य चांगुलपणानं म्हटलेलं होतं. मला मात्र कोणीतरी मानेला धरल्यासारखं झालं. मी बारा दिवस सगळ्यांशी खोटंच बोलत होते.

नियम सापडला. कॉमेंट्रीवाल्यानं माइक माझ्या तोंडापुढे धरला. मी आधी इंग्रजी वाचलं आणि मग मला जमेल तसं मराठीत सांगितलं: बाद दिलेला नसताना, आपण बाद झालो असा गैरसमज होऊन फलंदाज निघून चालला असेल, तर पंचांनी मध्ये पडायचं, डेड बॉल द्यायचा आणि त्याला परत बोलवायचं.

शेवटच्या दोन-तीन शब्दांना माझा आवाज फाटला. माइकमुळे तो सगळ्या वावरभर फाटला. लोकांना वाटलं, पोरगी घाबरली. आप्पांनी मात्र खेळपट्टीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मी खुर्चीवरून उतरेपर्यंत ते बघतच होते.

कॅप्टन स्टंपकडे परत गेला. मग त्यानं दांडी परत रोवली. "चला," तो म्हणाला, "मामाचा नियम, मामाचं रान."

आप्पांनी एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला. बॉल मोजला गेला, धाव नाही. शेवटचा बॉल उरला आणि तीनच हव्या होत्या. आता फ्री हिट नव्हता. डावखुऱ्यानं खूप उंच मारला. बॉल वर गेला तेव्हा मला वाटलं बाहेर जातोय. पण तो सीमारेषेच्या आत, लाँग ऑनच्या फिल्डरच्या हातात उतरला. ते हरले.

सामना संपल्यावर डावखुरा मांडवापाशी पाणी प्यायला आला. आप्पा तिथेच खडे हातात घेऊन बसले होते.

"मामा," तो म्हणाला, "दांडी पडली की पाय आपोआप निघत्यात बघा. ल्हानपणापासनं तशीच सवय. दांडी गेली, बॅट दे."

"आउट झालासच की पर शेवटी," आप्पा म्हणाले.

"झालो. पर खेळून झालो." आणि तो हसला. त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला आणि टेम्पोत जाऊन बसला.

सूर्य डोंगराकडे झुकल्यावर आम्ही मेंढ्या कोंडायला गेलो. हल्ली अंधार पडायच्या आत सगळं उरकतात, बिबट्याचा भरवसा नाही. जाळी चारी बाजूंनी उभी केलेली असते आणि एका कोपऱ्यात एक मेंढी जाईल एवढीच फट ठेवायची. मी जाळीचं टोक धरते, मेंढ्या एकेक करून आत जातात आणि आप्पा मोजतात. मोजणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही, त्याच्यापुढून जायचंसुद्धा नाही. मोजणी चुकली तर सगळ्या बाहेर काढून पहिल्यापासून मोजावं लागतं.

म्हणूनच मी तेव्हा बोलले. आप्पांना लगेच उत्तर देता येणार नाही, असा मी विचार केला होता. ते आता आठवलं की माझंच मला वाईट वाटतं.

"एकोणीस, वीस, एकवीस," आप्पा म्हणत होते.

"आप्पा, मी नापास झाले."

"बावीस, तेवीस."

"दोन विषयांत. सुट्टी नाहीये. मी सगळं सामान घेऊन आलेय."

आणखी एक मेंढी आत गेली. आप्पा काही म्हणाले नाहीत. आणखी दोन गेल्या. त्यांचे ओठ हलत नव्हते. माझ्या आठवणीत आप्पांची मोजणी चुकलेली ती पहिलीच वेळ. त्यांनी जाळी उघडली, सगळ्या मेंढ्या बाहेर हाकलल्या, फट परत पहिल्यासारखी ठेवली आणि एकपासून सुरुवात केली. मी टोक धरून उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात रिकामा नव्हता म्हणून पुसता येत नव्हतं.

एक्केचाळीस झाल्या. त्यांनी फट बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली.

"तुला निघ म्हून कोनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मोबाइलवर निकाल आला."

"त्यात निघ म्हून लिव्हलं व्हतं?"

"फेल लिहिलं होतं."

"म्हंजे दांडी उडाली. ती मला कळली. आउट कोनी दिलं?"

मी आता रिकाम्या झालेल्या हातानं डोळे पुसले.

"सरास्नी इचारलं?"

"नाही."

"हापिसात?"

"नाही."

"का बरं?"

ऑफिसच्या खिडकीपुढे उभं राहिलं की माझ्या तोंडातून आवाज निघत नाही, हे मी त्यांना कसं सांगणार? आपल्याला कोणी निघ म्हणायच्या आधी आपणच निघावं, म्हणजे अपमान होत नाही, असं मला वाटत होतं. शाळेतही मी तशीच होते. गर्दी झाली की मागे सरकायची. मी एवढंच म्हणाले, "भीती वाटली."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला नेहमी लोकरीचा वास येतो. "मलापन वाटती," ते म्हणाले. "उद्या दोघं जाऊ. दोघांची मिळून एवढी वाटायची न्हाई."

घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला गोधडी बघूनच कळलं व्हतं." आणि तिनं माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला लाल पटका. कॉलेजच्या ऑफिसपुढे आल्यावर त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, इथे काढायच्या नसतात. ते म्हणाले, असू दे.

खिडकीच्या आत एक बाई होत्या. मी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आप्पा माझ्या शेजारी उभे राहून हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, पोरगी दोन इषयांत पडली. ती बाद हाय का खेळात हाय, येवढं सांगा."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मग माझं नाव विचारून कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "दोनच विषय राहिलेत," त्या म्हणाल्या. "एटीकेटी आहे. वर्ग चालू ठेवायचे, या सेमिस्टरचा फॉर्म भरायचा आणि त्यातच हे दोन विषय लिहायचे. परत परीक्षा द्यायची. निम्म्या वर्गाचे राहिलेत. बाद कोण म्हणालं?"

"कोनी न्हाई," आप्पा म्हणाले.

"पण फॉर्म अजून का भरला नाही? आज शेवटचा दिवस आहे. दुपारी खिडकी बंद झाली की सेमिस्टर गेलं असतं हिचं. मग कोणाला काही करता आलं नसतं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"रनआउट," ते हळूच म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो भरला. विषयांची नावं लिहिताना अक्षर वाकडं येत होतं. आप्पा शेजारी बसून बघत होते, जणू ते वाचत होते. पालकाच्या सहीच्या जागी मी बोट ठेवलं. त्यांनी जीभ दातांत धरली, सही केली आणि पेन दोन्ही हातांनी मला परत दिलं. शिक्का बसला तेव्हा खिडकीपुढे आमच्यामागे आणखी तीन मुली उभ्या होत्या. त्यांतली एक माझ्या रूममधलीच. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "मेलीस का कुठं? फोन उचलत नाहीस!"

आप्पा दुपारच्या गाडीनं परत गेले. मेंढ्या आईच्या भरवशावर होत्या. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, डोक्यावर गोल फिरवतील. पण त्यांनी साधाच हात हलवला आणि ओरडून विचारलं, "पांघराया काय हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोधडी घरीच राहिली.

मैत्रिणीच्या चादरीत मी पाच दिवस काढले. मला हे दोन्ही एकच आहे असं म्हणायचं नाही. परीक्षा म्हणजे फ्री हिट नव्हे. तिथे दांडी उडाली ती माझ्याच चुकीनं उडाली, कोणा बॉलरचा पाय पुढे पडला नव्हता. पण मी निघाले ती मात्र त्या डावखुऱ्यासारखीच निघाले, मान खाली घालून, कोणी आउट दिलेलं नसताना. नंतर अकाउंट्स सुटलं. इंग्रजी अजून राहिलं आहे, या वेळी चार मार्कांनी. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मंग ह्यो वाइड समज. फुडचा परत फ्री हिट." मी म्हटलं, आप्पा, असं नसतं. ते म्हणाले, "बरं. पर रेषंच्या आत उभी ऱ्हा."

गोधडी सहाव्या दिवशी आली, आमच्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोतून. तीच सुतळी होती, पण गाठ आईची होती. मी ती पलंगावर उलगडली. दोन दिवस कडक उन्हात वाळवली असावी, कारण कापड ताठ झालं होतं आणि कोपऱ्यातला शाईचा डाग फिका पडला होता. ओली गोधडी किती जड होते, ती पिळायला दोन माणसं लागतात, हे मला माहीत आहे. मी आईला फोन केला.

"आई, एवढी धुतलीस कशाला गं?"

"धुवायलाच आणली व्हतीस ना?" आई म्हणाली.